तांदळाच्या कोठीतला जप

मास्तर माणसाला शाप द्यायचा असेल तर 'तुझं वाटोळं होवो' वगैरे म्हणायची गरज नसते. 'तुला चार्ज लागो' एवढं पुरतं. मुख्याध्यापक निवृत्त झाले की नवे येईपर्यंत शाळेच्या किल्ल्या सगळ्यांत जुन्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात, आणि नवे काही लवकर येत नाहीत. मग खिचडी, गळकी टाकी, उडालेले पत्रे आणि 'तात्काळ', 'अतितात्काळ', 'आजच बारापर्यंत' असे तीन जातींचे संदेश, हे सगळं त्याचं. फळ्याला खडू टेकवावा तर खिशात फोन थरथरतो.

चाकूरजवळच्या आमच्या शाळेत सगळ्यांत जुना मी होतो. म्हणून मुख्याध्यापक बाईंच्या तब्येतीची जेवढी काळजी त्यांच्या घरच्यांना नसेल, तेवढी मला होती. त्या शिंकल्या तरी मी सुंठ घेऊन उभा.

बाई शांत होत्या. उदगीरच्या पलीकडे, अगदी सीमेवरच्या गावचं त्यांचं माहेर. वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान. घरात कानडी बोलायचे, पण शाळेत आम्ही त्यांच्या तोंडून कधी कानडी शब्द ऐकला नाही. मोठ्यानं मराठीही नाही. वरून फोनवर कोणी कितीही झापलं तरी त्या "हो साहेब, लगेच साहेब" म्हणायच्या, फोन ठेवायच्या आणि पदर सारखा करायच्या. मी मात्र पाढा चुकला की डस्टर फेकणारा. एकदा तो खिडकीतून थेट खिचडीच्या पातेल्यात गेला होता. त्या दिवशीची खिचडी पोरांनी जास्त आवडीनं खाल्ली, ते सोडा.

तर अशा या बाई एके दिवशी मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "सर, बास झालं आता. डोकं लई दुखायलंय रोज. दिवाळी झाली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते. पुढचं तुम्ही बघा."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. "बाई, असं कसं? तुमच्याशिवाय शाळा..."

"शाळेचं न्हाई, तुमचं बोला," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या मला ओळखून होत्या.

त्या दिवसापासून मी बाईंचा ताण घालवायच्या मागं लागलो. नुकतंच लातूरला आमचं 'शिक्षकांचे ताणतणाव' या विषयावर प्रशिक्षण झालं होतं. दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा मी इतका मनापासून बसलो की शेजारच्यानं चहाच्या वेळेला हलवून उठवलं. त्यामुळे त्या ज्ञानातलं एकच वाक्य माझ्याकडं शिल्लक होतं: श्वास नाकानं खोल घ्यायचा, तोंडानं सोडायचा. दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन संपल्या संपल्या मी म्हटलं, "बाई, घ्या. खोल. अजून खोल." बाईंनी माझ्या समाधानासाठी घेतला. नेमकी त्याच वेळी बाहेर स्वयंपाकाच्या मावशींनी लाल मिरचीची फोडणी टाकली. बाई पाणी पिऊन पिऊन खोकल्या, डोळे सुजले, आणि त्या अवस्थेत एवढंच म्हणाल्या, "अर्ज दिवाळीच्या आधीच देते."

मग मी हास्याचा प्रयोग केला. परिपाठानंतर पोरांना ओळीनं खदाखदा हसायला लावलं. गावातले एक म्हातारबाबा फाटकाशी येऊन विचारून गेले, "मास्तर, साहेबलोकांतलं कोन मेलं का काय?"

असे माझे उपाय चालू असताना एक गोष्ट मात्र मला कळेना. रोज पोरं जेवायला बसली की बाई तांदळाच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. बाहेर यायच्या तेव्हा चेहरा असा, जणू माहेरी चार दिवस राहून आल्या. एकदा मी दाराला कान लावला. आतून घुमल्यासारखा आवाज येत होता. गाभाऱ्यात कोणी मंत्र म्हणावा तसा. मी मावशींना विचारलं.

"मावशी, बाई आत काय करायल्यात?"

"जप करतेत वाटतं. रोजच करतेत. मी त्या टायमाला तिकडं जाईना."

"कसला जप?"

"मला काय कळतंय सर? त्यांच्यातला आसंल. घुमतंय मात्र लई गोड."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या झरोक्याखाली बाक ठेवून चढलो. आत कोपऱ्यात एक जुनी पत्र्याची कोठी होती, बुडापासून काठापर्यंत गंजलेली, म्हणून रिकामीच पडलेली. बाईंनी झाकण काढून खाली ठेवलं होतं आणि त्या कमरेतून वाकून, डोकं कोठीत घालून म्हणत होत्या, "होगलो कत्ती, साकाग्याद ननग. होगलो कत्ती, साकाग्याद ननग." प्रत्येक वेळी आवाज कोठीभर फिरून वर यायचा. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हीच ती साधना. उगाच नाही ही बाई इतकी शांत.

मी तो मंत्र पाठ केला. मोटारसायकलवर लातूरला घरी जाता-येता म्हणायचो. आंघोळीला म्हणायचो. आणि खोटं कशाला सांगू, गुण येत होता. डस्टर महिनाभर टेबलावरून हलला नाही.

त्यातच शाळा पाहायला नवे साहेब आले. तरुण, कडक, हातातला फोन सतत वाजणारा. वर्ग पाहिले, खिचडी चाखली, मग ऑफिसात बसून म्हणाले, "वरून पत्र आलंय. शिक्षक ताण कसा हाताळतात ते प्रत्येक शाळेत विचारायचंय. सांगा, काय करता?"

बाई म्हणाल्या, "काही विशेष नाही साहेब."

बाईंचा हा विनय मला सहन झाला नाही. शिवाय मनात हिशेब असा, की साहेबांनी कौतुक केलं तर बाईंचा उत्साह वाढेल, अर्ज लांबेल आणि किल्ल्या माझ्यापासून दूर राहतील. मी उभा राहिलो. "साहेब, आमच्या बाई रोज जप करतात. मीसुद्धा त्यांच्याकडून घेतलाय. परवानगी असेल तर म्हणतो."

"म्हणा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी 'म्हणा, म्हणा' असा लावला. डोळे मिटले, हात जोडले, साहेबांच्या समोर उभं राहून भरदार आवाजात तीनदा म्हटलं, "होगलो कत्ती, साकाग्याद ननग."

डोळे उघडले तर साहेब माझ्याकडं न पाहता बाईंकडं पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "याव ऊरु ताई निम्दु?"

गाव कोणतं, एवढंच ते विचारत होते, हे मला नंतर कळलं; तेव्हा वाटलं, मंत्राचा पुढचा चरण असावा. मी परत हात जोडले.

बाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. "साहेब, मी अर्ज देणारच होते. आजच देते. सरांना काही माहीत नाही."

"बसा ताई. माझी आई भालकीकडची आहे, कानडी कळतं मला," साहेब म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी बराच वेळ मोठ्यानं बोललं. साहेब "हो सर, लगेच सर" म्हणत राहिले. फोन ठेवला, खिशातून रुमाल काढून मान पुसली, आणि म्हणाले, "हा जप कुठं करता?"

बाईंनी मुकाट्यानं तांदळाच्या खोलीकडं बोट दाखवलं.

साहेब आत गेले. दार लोटलं. आम्ही दोघं व्हरांड्यात. आधी कोठीचं झाकण वाजलं, आणि मग जो आवाज आला त्यानं पंगतीतली पोरं खिचडीचा हात तोंडाशी धरून बसली. साहेब बाहेर आले तेव्हा कॉलरला गंज लागला होता. बाईंना म्हणाले, "पुढची ओळ माझी आई म्हणायची. पण या सरांना शिकवू नका, हे कुठंही म्हणतील." भेटीच्या वहीत 'शालेय वातावरण समाधानकारक' असं लिहून ते गेले.

साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसल्यावर मी विचारलं, "बाई, साहेबांना एवढा आवडला, त्या मंत्राचा अर्थ तरी काय?"

"जा रे गाढवा, वैताग आलाय मला," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मलाच म्हणाल्या. मी खरंच निघालो. तेव्हा बाई हसल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, खोकला येईपर्यंत हसल्या. मावशी फोडणी सोडून बघायला आल्या. इतके दिवस उपाय करून मला जे जमलं नव्हतं, ते माझं गाढवपण एका दमात करून गेलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई तांदळाच्या खोलीतून बाहेर आल्या, पण दार उघडंच ठेवलं. "सर," त्या म्हणाल्या, "तुमचा नंबर."

अर्जाचं नाव पुन्हा निघालं नाही. बाई पूर्ण वय होईपर्यंत राहिल्या. कानडीतल्या चार-पाच ओळी त्यांनी मला रीतसर अर्थासहित शिकवल्या, माझे उच्चार कसे वाईट आहेत ते सांगत. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल झाल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या तळहातावर ठेवला. चार्ज शेवटी लागलाच. मी इतका पडेल चेहरा केला असणार, की त्या हळूच म्हणाल्या, "कोठी निर्लेखनात गेली, यादीतून बाद झाली, तर तुम्ही घ्या. भंगारवाल्याला देऊ नका."

आता मी बदलीनं नांदेडला आहे. कोठी लिलावात रीतसर घेतली, ती गॅलरीत तुळशीशेजारी उभी आहे. शाळेतून आलो की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता सांगते, "आधी तिकडं जाऊन या, मग चहा." खालच्या मजल्यावरचे लोक मला मोठा शिवभक्त समजतात. मी त्यांना काही सांगत नाही.

परवा मात्र शाळा लवकर सुटली. जिना चढतानाच गॅलरीतून बायकोचा घुमणारा आवाज ऐकू आला. जप चालू होता. मराठीत होता, त्यामुळे एक शब्द स्वच्छ कळला: मास्तर. मी आल्यापावली खाली उतरलो आणि कोपऱ्यावर चहा पिऊन नेहमीच्या वेळेला घरी आलो.