मेंढरांचे शब्द

माझे वडील दौंडच्या एका अँग्लिकन चर्चचे पाळक होते. रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांसाठी कधीकाळी बांधलेलं ते दगडी देऊळ. पप्पांच्या काळात रविवारी तिथं चाळीसेक माणसं जमायची. पप्पांना हिब्रू आणि ग्रीक चांगलं येत होतं. मंडळीला त्याचा अभिमान होता, उपयोग मात्र काही नव्हता.

बायबलच्या जुन्या करारात पानोपानी मेंढरं आहेत, आणि भाषांतरातले त्यांचे मराठी शब्द पप्पांना खटकायचे. "हे शब्द खुर्चीत बसलेल्या माणसांचे आहेत," ते म्हणायचे. "लंगड्या मेंढीला मेंढपाळ काय म्हणतो, हे कुणी विचारलंच नाही."

म्हणून दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ते यवतच्या पुढं एका वस्तीवर जायचे. तिथं एक म्हातारे आप्पा होते. मेंढरांमागं कोकणात जाऊन-येऊन उभा जन्म काढलेला. आता मुलांनी मेंढरं विकून ऊस लावला होता. आप्पा सांगायचे, पप्पा वहीत लिहायचे. मेंढराच्या वयाचे शब्द, रंगाचे, कानांचे, आजारांचे. एकदा मीही गेले होते. मेंढरं मुक्कामाला बसली की त्यांच्याभोवती जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. ती कशी बांधायची हे आप्पांनी खाटेच्या दोरीवर दाखवलं.

"फादर, ह्ये लिवून काय करनार तुमी?"

"आप्पा, तुमच्यामागं हे कोण सांगणार?"

"त्ये बी खरंच हाय," म्हातारा म्हणाला, आणि उसाकडं बघत बसला.

अशा सात वह्या झाल्या. मग एका सोमवारी आप्पांच्या थोरल्या मुलानं दोघांचा व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, फादर म्हाताऱ्याला बाटवतोय.

पप्पांना ठाण्यात बोलावणं आलं. मी शिरूरला शाळेत शिकवत होते, रजा टाकून धावले. हवालदारानं वह्या उलटून पाहिल्या. "ह्यात तर नुसती मेंढरंच हायती," तो म्हणाला. एक शब्द त्याच्या आजीच्या तोंडचा निघाला, तेव्हा तर तो हसला. तक्रार तिथंच मिटली. पण मुलानं आप्पांना आणून बाकड्यावर बसवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत मान वर करून पप्पांकडं पाहिलं नाही.

चर्चमध्ये मात्र काही मिटलं नाही. कमिटीची बैठक बसली, पप्पांसोबत मीही गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड म्हणाले, "पाळकसाहेब, आम्हाला इथंच राहायचंय. उद्या लोक आमच्या दारात आले तर? आणि आम्ही कोण मग? आम्ही तुमची मेंढरं नाही का?"

वस्तीवर पुन्हा जाणार नाही, असा कागद त्यांनी पुढं केला. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"करा सही, पप्पा," मी म्हणाले. "संपवा एकदाचं."

त्यांनी सही केली. ते वाक्य माझं होतं. मंडळीला नावं ठेवताना मी ते सोयीनं विसरते.

त्याच वर्षी आप्पा गेले. आम्हाला ते महिन्यानं, बसची वाट पाहताना एका ओळखीच्या माणसाकडून कळलं.

निवृत्तीनंतर ते माझ्याकडं शिरूरला आले. एका दुपारी दारात गाडी थांबली. आप्पांचा तोच मुलगा.

"फादर, झालं गेलं. आमच्या समाजाची स्मरणिका निघतीय. म्हाताऱ्याचे शब्द तुमच्याकडं हायती."

"आणि तो व्हिडिओ?" मी विचारलं.

"तवा डोकं गरम हुतं, ताई."

तोवर पप्पा आतून वह्या घेऊन आले होते. झेरॉक्स काढून देऊ, मी म्हणत होते. "शब्द त्यांच्या बापाचे आहेत," पप्पा म्हणाले आणि सातही वह्या त्याच्या हातात ठेवल्या. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

स्मरणिका टपालानं आली. आप्पांचा पानभर फोटो, खाली संकलक म्हणून मुलाचं नाव. पप्पांचं नाव कुठंच नव्हतं. शब्दही धड नव्हते, वाघरीचा वाघ झाला होता. पप्पांनी आठवडाभर बसून चुका दुरुस्त केल्या आणि ती यादी मला पोस्टात टाकायला लावली. उत्तर आलं नाही.

पप्पांच्या अंत्यविधीला तेच गार्ड बोलायला उभे राहिले. "थोर विद्वान. भाषेसाठी आयुष्य वेचलं त्यांनी," असं ते म्हणाले. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं.

नंतर मी आप्पांच्या मुलाला फोन करून वह्या मागितल्या.

"घर बांधताना कुठं गेल्या काय की, ताई. बघतो."

त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही.