जेलाक

स्वी लान होक्कियन बोलणारी चिनी बाई. पण सिंगापूरच्या तिच्या स्वयंपाकघरात मलय शब्दांचाच सुळसुळाट. जेवण म्हणजे मकान, तळलेलं ते गोरेंग. हे शब्द माहेरून आणल्यासारखे ती वापरायची, आणि तेच तिला नडलं.

समोरच्या दारातली मलय शेजारीण, मकचिक म्हणजे मावशी रोहाया, दर ईदेला तिला नारळाच्या दुधात मांस आटवून केलेलं रेंदांग आणून द्यायची. यंदाही देऊन गेली. घरात स्वी लानची बहीण आलेली होती.

"हे तू घेऊन जा बाई," स्वी लान तिला होक्कियनमध्ये म्हणाली. "दरवर्षी आपलं तेच ते. मला अगदी जेलाक झालंय."

तेलकट खाऊन खाऊन तोंडाला वीट येतो, तो जेलाक. होक्कियनमध्ये बोललं की शेजारणीला काय कळणार, असा तिचा हिशेब. पण अख्ख्या वाक्यात तो एक शब्द मलय होता, आणि विसरलेली चटणी द्यायला परत आलेली मकचिक जाळीच्या दाराशी उभी होती.

तिने वाटी आत दिली. "तिखट आहे गं, जपून खा," एवढंच म्हणाली आणि गेली.

स्वी लानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एका शब्दाचं एवढं काय?" बहीण म्हणाली.

"गप बस! तो शब्दच तिचा आहे."

पुढे कित्येक दिवस समोर कुणी नाही ना, याचा कानोसा घेऊनच ती बाहेर पडायची. स्वतःच्याच दारात चोरासारखी. शेवटी संत्री घेऊन समोर गेली.

"मकचिक, माझ्या जिभेला हाड नाही गं. मला माफ कर."

"असू दे. पुढच्या वर्षी नाही करणार तुझ्यासाठी."

"असं नको ना! तुमच्या घरात शिजेल त्यातलंच चमचाभर दे."

"त्यातलं कसं देऊ? आमच्याकडे ईदेला गोमांसाचं लागतं. तू तुझ्या देवीसाठी ते सोडलंयस ना? तुझं कोंबडीचं मी वेगळ्या पातेल्यात करते. पहिल्यापासून."

स्वी लानची मान वर होईना. यंदाचं तर तिने चाखूनही पाहिलं नव्हतं.