झिऱ्याच्या वरच्या अंगाला

लढाई संपून घरी आलो आणि फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. गाडी म्हणजे पलटणीतून मोडीत निघालेली लॉरी. मागे दोन खाटा, डॉक्टरांचं टेबल, कोपऱ्यात पडद्याआड आजाऱ्यांच्या शौचाची सोय आणि सगळं घाण पाणी साठवायला खाली पत्र्याची टाकी. टाकीसाठी वेगळा माणूस मिळेना, तेव्हा तीही माझ्याच गळ्यात पडली. आमच्या कृष्णाकाठच्या भावकीला हे कळतं तर पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसलं नसतं. म्हणून घरी मी फक्त गाडीचं सांगत असे.

पण ते काम मी चोख करत होतो, हे आजही छाती ठोकून सांगतो. टाकीवर पान्यानं ठोकलं की ती किती भरली ते आवाजावरून कळे. तोटीचा चामडी वायसर दर आठवड्याला तेलात भिजवायचा, नाहीतर वाटभर ठिबकत राहणार. रिकामी करायची ती कमरेइतका खड्डा खणून, पिण्याच्या पाण्यापासून लांब. वर चुना, मग माती. नंतर दोन बादल्या पाणी आणि फिनेल घालून टाकी खळखळून धुवायची. हे पलटणीत शिकलो होतो आणि पाटणपासून मिरजेपर्यंत कधी चुकलो नव्हतो.

त्या उन्हाळ्यात आम्ही दुष्काळी माणदेशातल्या एका वाडीवर गेलो. सगळी मेंढरं राखणारी माणसं. हगवणीची साथ होती, दिवसभर खाटा रिकाम्या झाल्या नाहीत, आणि तिसऱ्या प्रहरी टाकी काठोकाठ भरली. खड्डा खणायला गेलो तर वीतभर मातीखाली नुसता मुरूम. पहार आपटून आपटून हाताला फोड आले आणि माझं डोकं फिरलं. वाडीच्या वर ओढा होता, ठणठणीत कोरडा. आमच्याकडे ओढा आटला की तिकडे कुणी फिरकत नाही. मी गाडी वळणावर काठाला लावली आणि तोटी सोडली. वाळूनं सगळं बघता बघता पिऊन टाकलं. वर चुनाही टाकला नाही, उलट काम सोपं झालं म्हणून बरं वाटलं.

सकाळी तिथूनच दोनशे पावलं खाली, त्याच वाळूत चार बायका बसलेल्या दिसल्या. प्रत्येकीपुढे हातभर खोल खड्डा. त्याला त्या झिरा म्हणत. तळाशी पाझरलेलं पाणी करवंटीनं टिपून घागरीत टाकायचं आणि पुन्हा पाझरेपर्यंत वाट बघत बसायचं. वाडीला दुसरं पाणी नव्हतं.

डॉक्टर पहाटेच शेजारच्या वस्तीवर चालत गेले होते, आणि टाकी कुठे रिकामी केली हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, ते लपवत नाही. पण त्या बायकांतल्या म्हातारीला मी ओळखत होतो. तिची नात आदल्या दिवशी आमच्याच खाटेवर होती.

मी जवळ गेलो. “आजी, ते पानी वतून टाका. काल गाडीतली घाण मी वरल्या अंगाला सोडलीय.”

तिनं कुठं ते विचारलं. मी वळण दाखवलं.

“तुमच्याकडं वड्याचं पानी पीत न्हाईत व्हय रं?” ती म्हणाली.

आमच्याकडं नदी आहे, असं मी सांगितलं. म्हातारीनं अर्धी भरलेली घागर वाळूवर ओतली. बाकीच्यांनीही ओतल्या. एकीनं मला मनसोक्त शिव्या दिल्या आणि त्या ऐकून मला जरा हलकं वाटलं.

गाडीतलं चांगलं पाणी मी घरटी एक तांब्या वाटलं. ते लगेच संपलं. मग फावडं घेऊन वळणाच्या बरंच वर गेलो आणि खणत सुटलो. फोड फुटले. डोक्यावर ऊन आलं तेव्हा ओल लागली, आणि मग हळूहळू पाणी जमलं.

नव्या झिऱ्याचं पहिलं पाणी खणणाऱ्यानं प्यायचं, अशी तिथली रीत होती. म्हातारीनं करवंटी भरून माझ्यापुढे धरली.

“तू खणलंस, तू पी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी सगळं प्यालो. तिनं दुसरी करवंटी भरली आणि नातीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. पोर पाणी पाणी करत होती. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ऊन कलेपर्यंत तिनं पोरीला त्यातला एक घोटही दिला नाही.