एस्पेरांतोतली म्हातारी

नव्वदच्या दशकात शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी एस्पेरांतोचा वर्ग भरायचा. कुठल्याच देशाची नसलेली, एका माणसानं बसून रचलेली भाषा. मी दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, मुलगा कॉलेजात. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका विचारायच्या, "ह्याचा भाकरीला उपयोग काय?" मी म्हणायचे, "काय बी न्हाय. म्हणूनच शिकायचं की!"

शिकवणारे गुरुजी टायपिंगच्या क्लासमधून निवृत्त झालेले, त्यांचीही बायको गेलेली. एकदा त्यांनी 'मालयुनुलीनो' हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला. 'युन' म्हणजे तरुण. 'माल' म्हणजे उलट; हा तुकडा फ्रेंचमधला, तिकडं त्याचा अर्थ वाईट. पुढं 'उल' म्हणजे व्यक्ती, मग 'ईन' म्हणजे बाई. तरुणच्या उलट असलेली बाई, म्हणजे म्हातारी! माझं डोकंच सणकलं. "एवढी भाषा रचली, आणि म्हातारीसाठी एक अख्खा शब्द सुचला न्हाय व्हय?"

गुरुजी हसले. "सिस्टर, आपल्या म्हातारीचं मूळ बघा की."

वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडला. म्हातारा, मूळ शब्द महत्तर. अधिक मोठा! आता कसं, म्हटलं.

पुढं काही वर्षांनी मी निवृत्त झाले आणि आम्ही दोघांनी लग्न ठरवलं. मुहूर्त-पत्रिकेची भानगड आमच्यात नाहीच. पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, झालं. पण मुलगा, तोवर कागलच्या एमआयडीसीत लागलेला, भडकला. "म्हातारपणी थेरं सुचत्यात व्हय? लोकं तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. म्हातारी हाय मी, मेलेली न्हाय."

बोलले खरं, पण एकुलता एक लेक तुटतोय की काय, ही भीती होतीच. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आणि बाबांचा फोटो?"

"माझ्यासंगं येणार. संसार केलाय त्यांच्याशी, चोरी न्हाय."

"गुरुजी लावू देतील?"

"चल, त्यांनाच विचार."

कसबा बावड्याला गेलो. गुरुजींच्या खोलीत त्यांच्या बायकोच्या फोटोशेजारी भिंतीत एक नवा खिळा होता. खाली गिलाव्याचा भुगा अजून तसाच पडलेला.

"हा कशाला?" लेकानं विचारलं.

"तुमच्या वडिलांना," गुरुजी म्हणाले.

लेक पुढं झाला, खिळा हलवून बघितला.

"ढिला हाय," म्हणाला. "हातोडी कुठं हाय?"