विगच्या दुकानातली पुढची खुर्ची

विगच्या दुकानात मामीच्या हाताखाली कामाला लागले, तेव्हा तिने केसांची जुडी माझ्या हातात ठेवली. "सांग, कुणाचे?"

"असतील कुणा बाईचे."

"बाईचे कसले, कारखान्याचे!"

रसायनांचा घट्ट पाक करायचा, बारीक भोकांच्या चकतीतून दाबून काढायचा, ताणायचा, वाळवायचा, झाला केस! पूर्वी खऱ्या केसांचे विग श्रीमंतांनाच परवडायचे. हा धागा निघाला आणि साध्या माणसांचीही सोय झाली. थंड पाण्यात बुचकळा, झटका, खुंटीला लावा, वळण जसंच्या तसं. फक्त आचेशी हाडवैर. उकळत्या भांड्याचं झाकण काढलं की वाफेने पुढच्या बटेचा पार काथ्या होतो. मामी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची आणि मालक कपाळाला हात लावायचा. "मामी, विकायला बसलात की घाबरवायला?"

मग मामी आजारी पडली. औषधांनी आजार गेला, पण केसही गेले, भुवयासुद्धा. बरी झाली तशी उघड्या डोक्यानेच दुकानात आली. मालकाची बोबडीच वळली.

"एखादा विग घाला ना, फुकट घ्या. नाहीतर मागे मशीनवर बसा. गिऱ्हाईक बिचकेल हो."

मागे म्हणजे मी विग शिवत बसायचे ती बिनखिडकीची खोली. वीस माणसांना हसवत बसणारी बाई तिथे कोंबायची? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी मामाचंही तेच. "अगं, घाल की. काय बिघडतं?"

"खाज सुटते. आणि मला लाज वाटत नाही, तर झाकू कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. "मालक, हिंमत असेल तर खुर्चीसकट उचला."

उचलतोय कसला! पण गिऱ्हाइकं खरंच दारातून डोकावून परत जायला लागली. मालक म्हणाला, "शनिवारपर्यंत बघतो. मग मागे जायचं, नाहीतर घरी."

मेल्याला जरा तरी वाटायला हवं होतं!

शनिवारी एक शिक्षिका आली. रुमाल कपाळापर्यंत घट्ट बांधलेला. मामीकडे बघतच राहिली.

"औषधं?" मामीने विचारलं.

तिने मान डोलावली. मालक लगबगीने पुढे झाला. "बाई, आत पडदा आहे, आत चला."

"पडदा कशाला? ह्यांच्यासमोरच बघते," ती म्हणाली आणि तिने रुमाल सोडला.

"आधी माझ्याकडे बघा, मग आरशात," मामी म्हणाली. "आरसा बरा वाटेल."

बाई खो खो हसली, हसता हसता रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? मामीने विग बसवला, बटा सारख्या केल्या, वाफेचं बजावलं. बाईने तो घेतला आणि जाताना म्हणाली, "मी औषधं घेते त्या दवाखान्यात अजून अशा बायका आहेत. तुमच्याकडेच पाठवते."

ती गेल्यावर मालक गल्ल्यापाशी घुटमळला. मग घसा खाकरून म्हणाला, "मामी, सोमवारपासून पुढेच बसा."

मामीने वरही पाहिलं नाही. "मी उठलेच कधी होते?"