हँडलवरून सुटलेला हात

मित्रांनो, मागच्या आठवड्यात अमरावतीत हेल्मेट नव्हतं म्हणून माझं चलान फाटलं. सोबत सुरक्षित वाहन चालवण्याचा ऑनलाइन कोर्सही करायला सांगितला. आज दुपारी माझ्या मुलीच्या, मीनलच्या, मोबाइलवर तो करायला बसलो.

शेवटी प्रश्न होते. त्यात एक आला, 'गाडी चालू असताना हँडल एका हातानं धरणं योग्य आहे का?' माझं बोट तिथंच थांबलं.

"बाबा, उत्तर द्या न! वेळ संपून राह्यला. इतकं सोपं बी येत नाही काय तुमाले?"

तीन वर्षांपूर्वी परतवाड्याच्या रस्त्यावर मारुतीचं देऊळ दिसलं आणि सवयीनं मी एक हात छातीला लावला. मागे बसलेल्या बायकोनं दोन्ही हात जोडले. पुढचा गतिरोधक मला दिसला नाही. गाडी उसळली, ती पडली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारली. सगळ्यांना मी फक्त गतिरोधकाचंच सांगत आलो.

आज मीनलला खरं सांगितलं. "माझा हात सुटला होता, बेटा."

तिनं माझ्या हातातला मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आईनं सांगतलं होतं मले दवाखान्यात. म्हने, तुह्या बाबाले कधी इचारू नको."

माझी श्रद्धा तशीच आहे. पण विनंती करतो, रस्त्यात देऊळ दिसलं तर गाडी बाजूला घ्या, पाय जमिनीवर टेकवा, मग नमस्कार करा. दोन मिनिटंही न थांबण्याइतकी मला त्या दिवशी कसली घाई होती, ते काही केल्या आठवत नाही.