रफिकने मोजलेली गोळी

"भाऊ, हे गेले हो..." रफिकची बायको, आमच्या भाभी, फोनवर एवढंच बोलल्या. मी गेवराईतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर होतो. बीपी वाढून रफिकच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. दीड महिना झाला, तरी बीपीची गोळी मागणारं गिऱ्हाईक आलं की मी पाकिटावरचं कंपनीचं नाव दोनदा वाचतो.

रफिक अन् मी तलवाड्याच्या शाळेतले. तो कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागला, मी दुकान टाकलं. त्याला एकच वेड : गोळीत औषध खरंच किती आहे, ते इथंच, स्वस्तात मोजायचं. पेन्सिलीतली शिसाची कांडी कागदावर घासून गुळगुळीत करायची, गोळी विरघळवलेल्या पाण्यात बुडवायची आणि विजेचा हलका दाब द्यायचा. औषध जितकं जास्त, तितकी वीज जास्त वाहते. "लई सोपं हाय बे," म्हणायचा. सोपं कसलं डोंबलाचं! एकेका गोळीपायी त्याचे रविवार जायचे.

दिवाळीनंतर एकदा तो दुकानात आला. हातात त्याच्याच बीपीच्या गोळ्यांचं पाकीट, माझ्याकडूनच नेलेलं. "माधव, यात औषध निम्मंच निघतंय. तीनदा मोजलं, दर वेळी नवी कांडी घेऊन." माझं डोकंच फिरलं. नव्या एजन्सीचा माल मीच आणलेला, आणि समोर चार गिऱ्हाईकं उभी. "कंपनीची लॅब खोटी अन् तुझी पेन्सिल खरी व्हय बे?" सगळे हसले. तोही हसला... आणि पाकीट खिशात घालून गेला. विषय मिटला, असं मला वाटलं.

रफिक वारल्यावर मात्र राहवेना. त्याच मालातल्या उरलेल्या गोळ्या मी संभाजीनगरच्या एका लॅबला पाठवल्या. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला. औषध निम्मंच! बाकीचा माल औषध निरीक्षकाच्या ताब्यात दिला. आता देऊन काय उपयोग?

परवा कॉलेजातलं त्याचं कपाट रिकामं करायला भाभींसोबत गेलो. त्यात त्याची वही सापडली. शेवटच्या पानावर तिन्ही आकडे, तिन्हींवर काट मारलेली. खाली त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'माझंच काहीतरी चुकलं असावं. माधव वाईट माल देणार नाही. गोळी चालू ठेवायची.'

"काय लिहिलंय, भाऊ?" भाभींनी विचारलं.

मी वही मिटली. "काय न्हाई, आकडे हायेत नुसते," म्हणालो.

तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून हे लिहिलं. पेपरची ही पुरवणी भाभी दर रविवारी वाचतात.